निकेलचं बास्केट

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एका गोष्टीवरून मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. मधे मला वाटलं होतं की तो राग विझला असेल. माणसांचे राग वयानुसार विझतात तसा. पण गेल्या आठवड्यात आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचा, सातपूरच्या भट्टीवाल्या साहेबांचा फोन आला, मी त्यांच्याकडे गेले, चहा पिता पिता त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली, आणि परत येताना मला स्कूटर रस्त्याच्या कडेला घेऊन थांबावं लागलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, नुसता संताप होता. तुझ्याशी भांडायचं होतं आणि तू नव्हतीस. म्हणून हे लिहायला बसले. यातलं बरंचसं तुला माहीतच आहे, तरी लिहितेय, कारण भांडण नीट मांडायचं तर ते सुरुवातीपासून मांडायला हवं. तू मला कधी सुरुवातीपासून बोलू दिलं नाहीस. मधेच म्हणायचीस, "मुद्द्याचं बोल."

बाबा गेले तेव्हा मी पुण्यात मेटलर्जीच्या पहिल्या वर्षाला होते. काका, मामा, शेजारचे, सगळे तुला एकच सांगत होते, अंबडचं वर्कशॉप विकून टाका, बाईमाणसाचं काम नाही ते. तोवर तू फक्त हिशेब लिहायला म्हणून शॉपमध्ये जायचीस. तू कुणाशी वाद घातला नाहीस. तेराव्याचं सगळं उरकलं आणि तू मोपेड काढून इंदिरानगरहून अंबडला गेलीस, ती रोज जातच राहिलीस. आपण भट्टीसाठी बास्केटं करायचो. गाडीचे गिअर, पिना असले पार्ट कडक करायला भट्टीत घालतात ना, ते ज्या जाळीच्या टोपल्यांत भरतात त्या टोपल्या. पार्टांबरोबर टोपलीही लालभडक होते आणि मग सगळं एकदम तेलात बुडवतात. रोज तापायचं, रोज बुडायचं. स्टीलचं बास्केट काही महिने हे सोसतं, मग वाकतं, तडकतं, आणि गिऱ्हाईक नवं मागायला येतं. तीनशे दहा नंबरचं स्टेनलेस आपण वापरायचो. ते अस्सल आहे की नाही हे तुला बघूनच कळायचं. ग्राइंडर लावला की ठिणग्या किती लांब जातात हे बघून तू पत्रा आणणाऱ्याला सांगायचीस, "हा माल परत न्या." मला तुझा अभिमान वाटायचा. हेही लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील, पोरीला नुसत्या चुकाच दिसतात.

मी पास होऊन परत आले तेव्हा नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं आणि माझ्या डोक्यात निकेल शिरलेलं होतं. तो पहिला संवाद आपल्या स्वयंपाकघरात झाला. तू भाकऱ्या करतेयस, मी ओट्याला टेकून उभी आहे आणि बोलतेय. थंड असताना दोन्ही धातू ताकदीला जवळजवळ सारखेच, आई. फरक पडतो तो तापल्यावर. स्टील लाल झालं की आपल्याच वजनाने हळूहळू खाली बसायला लागतं. निकेलचा मिश्रधातूही बसतो, पण कितीतरी उशिरा. भट्टीत जो कार्बनचा वायू सोडतात तो पार्टच्या अंगात शिरावा म्हणून सोडतात, पण तो बास्केटच्याही अंगात शिरतो. स्टील तो पीत राहतं आणि ठिसूळ होतं. निकेल त्याला फारसं आत घेत नाही. शिवाय तापल्यावर निकेल स्टीलपेक्षा कमी फुगतं, म्हणून तेलात पडताना त्याची ओढाताण कमी होते. त्याचा वाईट गुणही मी त्याच दमात सांगितला होता, की त्याला गंधक सोसत नाही. तेल, ग्रीस, खुणेचा रंग असलं काही अंगावर राहिलं आणि तसंच तापवलं तर आतून भेगाळतं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "आणि किंमत?"

"जास्त आहे."

"किती जास्त?"

"कितीतरी पट. पण आई, टिकतं पण तसंच."

तू भाकरी उलटलीस. "पुस्तकातली भट्टी आणि साहेबांची भट्टी एक नसते. ताट घे."

त्या वाक्याने मी पेटले. ठीक आहे, साहेबांच्याच भट्टीत दाखवते, म्हटलं. सातपूरच्या साहेबांना विचारून मी त्यांच्या भट्टीत दोन पट्ट्या टांगल्या, सारख्या मापाच्या, एक तीनशे दहाची आणि एक निकेलची. निकेलची पट्टी मी कॉलेजच्या लॅबमधून मागून आणली होती. काही महिन्यांनी दोन्ही काढल्या. स्टीलची पट्टी धनुष्यासारखी वाकली होती आणि तिला चुंबक चिकटत होतं. नव्या पट्टीला चिकटत नव्हतं. म्हणजे कार्बनने तिची जातच बदलून टाकली होती. निकेलची काळवंडली होती, पण सरळ होती. मी त्या तुझ्या टेबलावर आणून ठेवल्या. तुझ्यासमोर स्टीलच्या पट्टीवर लहान हातोडी मारली आणि ती कुरडई मोडावी तशी मोडली. निकेलच्या पट्टीवर मारली तर नुसती वाकली. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील. तू तुकड्यांकडे बघितलंस, मग घड्याळाकडे. "ठेव तिथे," म्हणालीस, आणि पत्र्याची गाडी आली होती ती उतरवून घ्यायला बाहेर गेलीस. ते तुकडे बरेच दिवस त्या टेबलावर होते. तू त्यातल्या एकाने कागद उडू नयेत म्हणून दाबून ठेवायचीस. मी रोज ते बघायची आणि आतल्या आत फणफणायची.

आणि मग मुंबईहून तो विक्रेता आला. टाय लावलेला, हातात बॅग, निकेलचे पत्रे विकणारा. मी बाजूच्याच टेबलावर ड्रॉइंग काढत होते. त्याने तुला तेच सांगितलं. तापल्यावर बसत नाही, कार्बन पीत नाही, कमी फुगतं. अगदी त्याच क्रमाने, जणू मीच त्याला पाठ करून दिलं होतं. आणि तू त्याला प्रश्न विचारलेस! किती जाडीत मिळतो, कापायला त्रास देतो का, वेल्डिंगची तार वेगळी लागते का. मला तू यातला एकही प्रश्न कधी विचारला नव्हतास. मी तो गेल्यावर म्हटलं, "आई, हेच मी वर्षभर सांगतेय."

तू म्हणालीस, "तू सांगतेस गं, पण तू माझी मुलगी आहेस. तो धंदा करतो."

याचा अर्थ काय ते मला आजही नीट कळलेलं नाही. मुलीचं ऐकायला भीती वाटते असं म्हणायचं होतं तुला, की मुलीला काय कळतं, असं? मी विचारलं नाही, कारण तू लगेच फोन उचललास. पण एक पत्रा मागवलास. निकेल आपल्या शॉपमध्ये असं आलं, टाय लावलेल्या माणसाच्या तोंडून.

पुढचं तर तुला पाठच असेल. मी मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला गेले होते. मी येईपर्यंत थांब, एवढंच सांगितलं होतं. तू थांबली नाहीस. मी परत आले तर बास्केट तयार. पत्र्यावर खुणेच्या रंगाच्या रेघा तशाच, सांध्यांजवळ तेलकट बोटांचे ठसे, आणि ग्राइंडरचं चाक तेच, ज्याने सकाळभर स्टील घासलं होतं. मी म्हटलं हे देऊ नकोस, पुन्हा नव्याने करू या. तू म्हणालीस, गिऱ्हाईक थांबलंय, आणि लोखंडाला काय आता अंघोळ घालायची? बास्केट सातपूरला गेलं. पहिल्याच काही फेऱ्यांत सांधे ओळीने तडकले आणि भरलेले पार्ट तेलाच्या टाकीच्या तळाशी गेले. टाकी रिकामी करून ते काढावे लागले. बास्केट परत आलं त्या दिवशी सगळे कामगार उभे होते. त्यांच्यासमोर तू ते पायाने माझ्याकडे सरकवलंस.

"हे तुझं निकेल."

"हे निकेल नाही, आई. हा मळ आहे. मी सांगितलं होतं तुला."

"म्हणजे माझं शॉप घाण?"

"हो. निकेलसाठी घाणच."

कुणीतरी ग्राइंडर बंद केला. तू आत गेलीस. त्यानंतर कितीतरी दिवस आपण कामापुरतं बोलायचो. डबा मात्र माझ्या टेबलावर येत राहिला. त्यातल्या भाजीत तिखट नेहमीपेक्षा जास्त असायचं.

पण मी काही लपवून केलं नाही, हे तुला ठाऊक आहे. पत्रा उरला होता. मी जेवताना सांगितलं, उरलेल्या पत्र्यातून मी एक बास्केट करते, माझ्या पद्धतीने. तू म्हणालीस, "कर काय करायचं ते." शनिवारी शॉपला सुट्टी असते म्हणून शनिवारीच करायचं ठरवलं, म्हणजे स्टीलची धूळ हवेत नसेल. तू निफाडला मामाकडे गेली होतीस. आपला पेठकडचा वेल्डर माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी आला. आम्ही आधी फरशी धुतली. मग नवे ब्रश, नवं चाक, आणि पांढऱ्या कापडाने पत्रा पुसत राहिलो. कापड काळं निघतंय तोवर पुसायचं, असा माझा हुकूम. तो हसून म्हणाला, "ताई, नवरीला बी इतकं नाय पुसत." मग आर्गन वायूतलं वेल्डिंग सुरू केल्यावर त्याचं हसू गेलं. "हे लय चिकट हाय ताई. स्टील कसं पाण्यासारखं पळतं. हे जागचं हलतच नाय." मी म्हटलं, त्याचा स्वभावच तसा आहे, ढकलू नका, हळूहळू घ्या. दुपारपर्यंत तो वैतागला, संध्याकाळी त्याचा हात बसला. बास्केट झालं तेव्हा ते जमिनीवर ठेवून आम्ही दोघं बघत बसलो. फार सुंदर दिसत नव्हतं. पण एकही सांधा मला नख लावायला जागा देत नव्हता.

ते मी सातपूरला नेऊन दिलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ठेवून घेतलं. स्टीलच्या बास्केटांच्या शेजारी तेही भट्टीत जायला लागलं, तीच भट्टी, तेच तेल. मी सातपूरला काही काम निघालं की ते बघून यायची. स्टीलची बास्केटं वाकली, बदलली, पुन्हा वाकली. माझं सरळ होतं. मी घरी येऊन सांगायची, "सातपूरचं बास्केट अजून सरळ आहे." तू म्हणायचीस, "हं." काही महिन्यांनी पुन्हा सांगायची, आई, त्यांची स्टीलची पुन्हा बदलायला आली, माझं अजून तसंच आहे. तू म्हणायचीस, "वरण वाढू?" एकदा तरी विचारायचंस गं. कसं दिसतं, तडा कुठे आहे का, कडा बसल्यात का. किंवा नुसतं, चल, मलाही बघू दे. सातपूर काही परदेशात नव्हतं.

मग तू आजारी पडलीस. गंगापूर रोडच्या त्या हॉस्पिटलमध्ये तू पडून असायचीस आणि मी शॉपमधून थेट तिथे यायची. माझ्या हातांना तेलाचा वास असायचा म्हणून नर्स मला आधी हात धुवायला पाठवायची. तू सगळं विचारायचीस. तीनशे दहाचा पत्रा आला का. शेडच्या पत्र्याची गळती काढली का. वेल्डरच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला का. मी एकेक उत्तर द्यायची आणि मनात म्हणायची, आता विचारेल. शेवटच्या दिवसांत तुझा आवाज इतका खाली गेला होता की मला कान तुझ्या तोंडाजवळ न्यावा लागायचा. एकदा तू काहीतरी पुटपुटलीस. मी वाकले. तू म्हणत होतीस, खिडकी लाव, ऊन येतंय.

तू गेल्यावर शॉप मी चालवलं. आज आपण दोन्ही करतो, स्टीलही आणि निकेलही. लोकांना वाटतं मी सगळ्यांच्या गळ्यात निकेल मारत असेन. तसं नाही. ज्यांच्या भट्टीत गंधकाचं तेल जळतं त्यांना मी स्वतःहून सांगते, निकेल घेऊ नका, तुमच्याकडे ते स्टीलच्याही आधी मरेल. ज्यांची भट्टी कधीतरीच तापते त्यांना स्टीलच पुरे. एक धातू चांगला आणि दुसरा वाईट असं मी तुला तरी कधी म्हटलं होतं? कुठे काय लावायचं, एवढाच माझा मुद्दा होता. नवं गिऱ्हाईक समोर बसलं की मी हे सगळं समजावते, ते मान हलवतात, प्रश्न विचारतात, ऑर्डर देतात. किती सोपं असतं ते. आणि दर वेळी मला वाटतं, जिला हे पटवायचं होतं ती सोडून सगळ्यांना पटतंय.

तर गेल्या आठवड्यातलं. सातपूरचे साहेब आता थकलेत, युनिट बंद करतायत, मुलं बाहेर आहेत. फोनवर म्हणाले, तुमचं ते जुनं बास्केट स्टोअरमध्ये पडलंय, हवं तर घेऊन जा. मी स्कूटरवरून गेले, मागोमाग भाड्याचा टेम्पो. काही वर्षं ते भट्टीत चाललं, मग एकदा क्रेनचा धक्का लागून त्याची कड मुडपली म्हणून बाजूला पडलं. उष्णतेपुढे ते शेवटपर्यंत हरलं नव्हतं. मी सांध्यांवरून बोट फिरवलं. मग साहेबांनी चहा मागवला आणि हसत म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का, हे बास्केट दिलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या आई आल्या होत्या माझ्याकडे."

मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. मी कप खाली ठेवला.

"मोपेडवरून आल्या, उन्हाच्या. म्हणाल्या, साहेब, मुलीने आणून दिलंय ते बास्केट भट्टीत लावू नका. तिला वाईट वाटू नये म्हणून ठेवून घ्या, पण लावू नका. एकदा तुमचं नुकसान झालंय, पुन्हा झालं तर मी तोंड दाखवू शकणार नाही."

"मग तुम्ही लावलंत कसं?"

"मला त्यांचा रागच आला हो. माझ्या भट्टीत काय लावायचं ते मी ठरवणार ना! दुसऱ्याच दिवशी लावलं."

म्हणजे माझं बास्केट भट्टीत गेलं ते त्याच्या गुणाने नाही, माझ्या शिक्षणाने नाही, साहेबांना तुझा राग आला म्हणून. आणि तू इतकी वर्षं ताटावर बसून "हं" म्हणत होतीस तेव्हा तुला वाटत होतं की ते त्यांच्या स्टोअरच्या कोपऱ्यात पडलंय आणि साहेब मला ते भट्टीत चालतंय असं खोटंच दाखवतायत. की कळलं होतं तुला? कळलं असेल तर "वरण वाढू?" म्हणताना तुझ्या मनात काय होतं? हे मी कुणाला विचारू?

मला तुझी भीती समजते. टाकी रिकामी करताना तू तिथे हात जोडून उभी होतीस, हे मला वेल्डरने मागेच सांगितलं होतं. मला तू बँकेत जाते असं सांगून गेली होतीस. बाबांचं नाव, तुझं नाव, सगळं त्या टाकीत पडलं असं तुला वाटलं असणार. समजतं सगळं. पण समजल्याने राग कमी होतो हे मला कुणी शिकवलेलं नाही. तोंडावर तू मला काय वाट्टेल ते बोलायचीस, पायाने बास्केट सरकवायचीस, ते चालत होतं. पाठीमागे का गेलीस? "तिला वाईट वाटू नये म्हणून"? मला वाईट वाटण्याची तुला कधीपासून पर्वा होती? मी मेटलर्जिस्ट होते, आई. रुसलेलं लेकरू नव्हते.

टेम्पोवाला विचारत होता, ताई, अंबडला न्यायचं ना? मी म्हटलं, नाही, द्वारका चौकाकडे घ्या. शॉपमध्ये ते रोज डोळ्यांसमोर नको होतं मला. तिथल्या एका भंगारवाल्यासमोर आम्ही ते उतरवलं. त्याने पायाने ठोकून बघितलं आणि म्हणाला, "स्टील आहे." मी म्हटलं, निकेल आहे. तो म्हणाला, "मॅडम, स्टीलच आहे हे, आम्ही रोज बघतो." तापल्यावर काय होतं, कार्बन कोण पितं, कमी कोण फुगतं, सगळं माझ्या ओठांवर होतं. आयुष्यभर दुसरं काही बोललेच नाहीये मी. पण मला एकदम फार कंटाळा आला.

पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, पण हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही, शॉपमध्येही नाही, म्हणून तुला सांगते. मी ते स्टीलच्या भावात देऊन आले. तू असतीस तर निकेलचा भाव घेतल्याशिवाय तिथून हलली नसतीस.